कांबळ्याखालची धुरी

धुरी घालणं हे बायकांचं काम. आमच्या चाळीत मात्र ते माझं होतं आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर आमची बैठी चाळ होती. दहा खोल्या एका रांगेत, समोर अरुंद ओटा. पोराला पडसं झालं की ओव्याची, लसणीच्या सालांची धुरी प्रत्येक घरात व्हायची. पण त्यांच्या शेगड्यांना आधी रॉकेल लागायचं, मग फुंकणी, मग घरभर काळा धूर, आणि शेवटी खोकणाऱ्या पोराच्या जोडीला घरातली माणसंही खोकायला लागायची. माझ्या शेगडीतून धूर निघायचा तो पांढरा, पातळ, विरजणाच्या दुधासारखा. एकोणीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर फायरमन म्हणून काढली होती मी. कोळसा कसा रचायचा, हवा कुठून द्यायची, निखारा कधी तयार झाला, हे मला कोणी सांगायचं कारण नव्हतं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. पुढचं सगळं भट्टीसमोर शिकलो.

संपानंतर आमची गिरणी माझ्यासाठी काही पुन्हा उघडली नाही. वर्षभर इकडेतिकडे केलं आणि अंधेरीला कापड रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागलो. गिरणीतल्या बॉयलरपुढे हा म्हणजे तान्हं पोर. पण बॉयलर तो बॉयलर, मी मान खाली घालून काम केलं नाही. पहिली पाळी करायचो. साडेतीनला सुटलो की बस धरून पाचच्या आत घरी. चहा घ्यायचा आणि शेगडी पेटवायची. थंडीचे दोन-अडीच महिने हा नेम कधी मोडला नाही.

मसाला माझ्या आईचा. ती गावाला होती, पण दर दिवाळीला येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पुरचुंडी पाठवायची. ओवा, वावडिंग, लसणीची सालं, थोडा धूप आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. पुरचुंडीबरोबर निरोप ठरलेला, “चेडवाक रोज दी रे, आळस करू नको.” चेडू म्हणजे माझी मुलगी. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, त्या थंडीत अडीच वर्षांची. तिच्यासाठी सुरू केलेली धुरी पाहून शेजारची एक म्हणाली, भावोजी, आमचंही बसवू का? मग तिच्या शेजारची म्हणाली. असं करता करता आठ पोरं झाली.

ती वेळ मला अजून जशीच्या तशी दिसते. पोरं ओट्यावर रांगेने उभी, प्रत्येकाचं नाक वाहतंय, कोणी बाहीला पुसतंय, कोणी आत ओढतंय. मी खिडकी लावायचो, दाराच्या फटीला गोणपाट लावायचो आणि खोलीच्या मधोमध शेगडी ठेवायचो. भोवती पोरं गोल बसायची, अगदी लहान ती मोठ्यांच्या मांडीवर. त्यांच्या डोक्यांवरून मी माझं मोठं काळं कांबळं टाकायचो, तंबूसारखं. मग निखाऱ्यावर चिमूट सोडायची. चर्र आवाज यायचा, वास उठायचा आणि आत एकदम शांतता.

ती शांतता फार टिकायची नाही.

“काका, कोण तरी पादलं!”

“मी नाही हां, हा पादला!”

“खोटारड्या, तूच! काका, याला बाहेर काढा, धुरी वाया चालली!”

सगळं कांबळं हसून हलायचं. मी वरून दरडावायचो, “गप्प बसा रे माकडांनो, श्वास आत घ्या.” माझी बायको मोरीत भांडी घासता घासता तोंडाला पदर लावायची. दहा मिनिटांनी कांबळं उचललं की आठ तोंडं लालबुंद, डोळ्यांत पाणी, नाकं मोकळी. प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचो. बाहेर पळताना पोरं ओरडायची, “धुरीवाले काका झकास!” चाळीतल्या कुठल्या बाप्याला पोरं झकास म्हणत होती? सांगा मला.

त्या पडशाचं खरं नाव तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हतं. पडसं म्हणजे पडसं. हवा बदलली की येतं, आठ दिवसांनी जातं, एवढंच ज्ञान. परवाच्या त्या मोठ्या साथीत सगळं जग दारं लावून बसलं होतं, तेव्हा माझ्या मुलीने मला समजावलं. म्हणाली, “बाबा, हा करोना नवा आहे, पण याचे चार साधे भाऊबंद आहेत. ते जुनेच. दर थंडीत पोरांच्या नाकात यायचे आणि सर्दी करून जायचे. कोणाच्या छातीत उतरायचे, पण फार थोड्यांच्या.” मी विचारलं, म्हणजे तेव्हा आपल्या कांबळ्याखाली पण तेच? ती म्हणाली, “असतीलही. सर्दीचे दुसरे शंभर आहेत. आता कोण सांगणार?” तिला त्या थंडीतलं काहीच आठवत नाही. मला सगळं आठवतं, म्हणून लिहितो आहे.

झालं असं. एका संध्याकाळी धुरी चालू असताना दार वाजलं. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातली सिस्टर होती. पोरांना खोकला किती, ताप किती, याची घरोघर चौकशी करत ती चाळीत फिरत होती. विशी-बाविशीची असेल. तिने दार ढकललं, डोळे चोळले आणि कांबळ्याकडे बघत राहिली.

“भाऊ, हे काय चाललंय?”

“दिसत नाही? धुरी.”

“सगळ्यांना एकत्र?”

“मग काय एकेकाची वेगळी पंगत मांडू?”

कांबळ्याखालून खिदळणं ऐकू आलं. सिस्टर हसली नाही.

“यातल्या सर्दी किती जणांना आहे?”

“पाच जणांना. तिघं चांगली आहेत. त्यांना होऊ नये म्हणून बसवलीत.”

“तीन दिवस जाऊ द्या. तेव्हा त्या तिघांनाही असेल.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तुम्ही सर्दी घालवत नाही भाऊ, वाटताय. प्रसादासारखी. एकाच्या तोंडातली हवा दुसऱ्याच्या नाकात, वर धूर.”

माझं डोकं फिरलं. ओट्यावर पोरांच्या आया उभ्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं होतं. मी म्हणालो, “बाई, तुमचं वय आहे ना, तेवढी वर्षं मी भट्टीपुढे काढली आहेत. धूर मला शिकवू नका.”

“धूर तुम्हांला कळतो, मान्य,” ती म्हणाली. “छाती कळते का?”

मी दार लावून घेतलं. आतून मला तिचा आवाज ऐकू येत होता. ती बायकांना सांगत होती की पोर शांत असताना त्याचं पोट उघडं करा, घड्याळ समोर धरा, पोट एकदा वर आलं की एक श्वास मोजा. मिनिटाला पन्नासच्या पुढे गेलं किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर अंगारा नको, धुरी नको, थेट घेऊन या. मी शेगडीत आणखी एक चिमूट टाकली. माझी बायको मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहून ते ऐकत होती, हे मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

तीन चांगल्या पोरांत एक माझी होती.

तिसऱ्या दिवशी तिचं नाक वाहायला लागलं. मी म्हटलं, हवाच तशी आहे. पाचव्या दिवशी अंग तापलं. कामावर गेलो तरी निम्मं लक्ष घरी. संध्याकाळी बाकीच्या पोरांना धुरी देऊन झाली की माझ्या मुलीला मी एकटीला पुन्हा द्यायला लागलो. बायको म्हणाली, “अहो, ती धुराने जास्त खोकते आहे.” मी म्हणालो, कफ सुटतोय. ती म्हणाली, “दवाखान्यात दाखवूया.” मी म्हणालो, त्या सिस्टरचं तोंड बघायला? ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा मला तेव्हा आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू.

सातव्या दिवशी माझी सुट्टी होती. मुलीने सकाळची पेज तोंडातून बाहेर काढली. दुपारी ती रडेनाशी झाली. तिचं रडणं थांबलं म्हणून मला बरं वाटलं, इतका मी शहाणा. ऊन असतानाच मी शेगडी पेटवली. म्हटलं आज दोन वेळा देऊ. खिडकी लावली, गोणपाट लावलं. बायकोने मुलीला मांडीवर आडवी घेतली आणि तिचं झबलं वर केलं.

“घड्याळ द्या तुमचं.”

“कशाला?”

“मोजायचंय. सिस्टरने सांगितलं तसं.”

“तुला सेकंदाचा काटा समजतो का? मीच मोजतो.”

मी मनगटावरचं घड्याळ काढून समोर धरलं आणि मोजलं. त्रेचाळीस. बायको म्हणाली, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं.

“बेचाळीस. बघ, कमीच होतंय. धुरी लागू पडतेय.”

तिने मुलीच्या पोटावर तळहात ठेवला होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही दोन धरता आणि एक सोडता.”

“मी खोटं बोलतोय?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग काय म्हणतेस?”

तेव्हा तिने मान वर केली. आवाज चढवला नाही. नऊ वर्षं वाट बघून झालेलं पोर मांडीवर होतं, ओरडायचं बळ तिच्यातही नसेल.

“कामावर बॉयलरचा काटा असाच वाचता का?”

दुसरं काहीही बोलली असती तर मी भांडलो असतो. पण एकोणीस अधिक दोन वर्षांत मी काटा कधी चुकीचा वाचला नव्हता. काटा दाखवेल तो दाब. आपल्याला हवा असतो तो नव्हे. गिरणीत एकदा साहेब मागे उभा राहून म्हणाला होता, अजून चढव, काही होत नाही, कपडा थांबलाय. मी त्याला सांगितलं होतं, साहेब, काट्याला तुमची घाई कळत नाही. नोकरी जायची वेळ आली होती, पण मी चढवला नाही. आणि इथे माझ्याच पोराच्या पोटावर मी मला हवा तो आकडा वाचत होतो.

मी तिच्या पोटाशेजारी बोट धरलं. पोट वर आलं की बोट वर, खाली गेलं की खाली. मोठ्याने मोजलं. अडुसष्ट.

मग बोट राहू दिलं आणि नुसतं पाहिलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांचा रंग, तो मी लिहीत नाही. हे सगळं कालही होत असणार, मी ते पांढऱ्या धुरातून बघत होतो. भट्टीला चिमणी नसली तर आतला माणूस मरतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. आणि घरात मी चिमणी नसलेली भट्टी बांधून तिच्यात माझी मुलगी बसवली होती.

पेटत्या कोळशावर फायरमनने पाणी ओतायचं नसतं. राख उडते, वाफ तोंडावर येते, शेगडी तडकते. मी शेगडी उचलून मोरीत नेली आणि बादली उपडी केली. शेगडी तडकली. खिडकी उघडली, दार उघडलं, गोणपाट लाथेने बाहेर सारलं. बायको पोराला घेऊन उतारावरून पुढे धावत होती. मी चप्पल घातली नाही. खाली नाक्यावर रिक्षा मिळाली.

इस्पितळात त्यांनी मुलीला लगेच ऑक्सिजनची नळी लावली, सुई दिली. डॉक्टर तरुण होता, चष्म्याच्या काचा घामाने ओल्या झालेल्या. न्यूमोनिया आहे म्हणाला. दोन दिवस जड जातील म्हणाला. मग कागद पुढे ओढून विचारायला लागला, वय काय, खोकला किती दिवस.

“घरात धूर असतो का? चूल, शेगडी?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. खाटेच्या कडेला धरून मुलीकडे बघत राहिली. उत्तर तिने माझ्यासाठी ठेवलं होतं.

“स्टोव्ह आहे,” मी म्हणालो.

खोटं नव्हतं. स्टोव्ह होताच. डॉक्टरने लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळला. तो दोन खाटा पुढे जाईपर्यंत मी उभा होतो. तो कागद माझ्या मुलीच्या पायाशी लटकत होता, त्याच्यावर माझा चुकीचा आकडा लिहिल्यासारखा. मी त्याच्या मागे गेलो.

“डॉक्टर, स्टोव्हचा धूर नाही. शेगडीचा. मी करतो. रोज, खिडकी बंद करून.”

“किती दिवस?”

“यंदाचा पाचवा आठवडा.”

तो मला झापेल म्हणून मी मान ताठ करून उभा राहिलो. त्याने झापलं नाही. म्हणाला, “सर्दी साधीच असणार. कुठल्या जंतूची, ते बघायची इथे सोय नाही आणि बघून औषध बदलणारही नाही. मोठी पोरं चार दिवसांत झटकून टाकतात. एवढ्याशा छातीत उतरली, त्यात धूर, तर हे असं होतं. शेगडीजवळ ही एकटीच असायची ना?”

“आठ जण असायचे.”

त्याचं पेन थांबलं.

“बाकीची सात कशी आहेत?”

मला माहीत नव्हतं. काल संध्याकाळी ती सातही माझ्या खोलीत होती, गूळ खाऊन पळाली होती. त्यांच्यात दोन माझ्या मुलीपेक्षा लहान होती.

बायकोला मी सांगितलं, येतो तासाभरात. ती फक्त म्हणाली, “घड्याळ घेऊन जा.”

मी पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. ओट्यावर पोरं नेहमीसारखी जमायला लागली होती. “काका, आज उशीर!” मी म्हणालो, घरी जा, मी प्रत्येकाच्या घरी येतो. पहिल्या दाराची कडी मी वाजवली. पोराचा बाप मजूर माणूस, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच तोंडाळ.

“काय रे, अनवाणी? काय झालं?”

“मुलगी इस्पितळात आहे. तुझ्या पोराचं पोट दाखव. धुरी बंद. माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

“सगळी एकत्र बसवली, ते. कोंडून धूर दिला, ते. पोट दाखव म्हणतो ना!”

“माफी मागतोयस की दम देतोयस?” तो म्हणाला, पण पोराला पुढे ओढून त्याने शर्ट वर केला. अठ्ठावीस. दुसऱ्या घरात तीस. तिसऱ्या घरातली पोरगी गुदगुल्या होतात म्हणून हसत सुटली, तीनदा मोजावं लागलं. प्रत्येक दारात मला ते वाक्य पुन्हा बोलावं लागलं आणि प्रत्येक वेळी ते वेगळं लागलं. एक म्हातारी म्हणाली, “तुझ्या धुरीनेच तर माझी नात उभी राहिली, उगाच स्वतःला लावून घेऊ नको.” मला ते गोड वाटलं. तरी मी तिला म्हणालो, आजी, नातीचं पोट दाखवा.

सातवं घर आमच्या शेजारचं. सगळ्यांत आधी पोर बसवलं होतं ती बाई. तिचं धाकटं सव्वा वर्षाचं, ते कडेवर होतं आणि ती त्याला टोपडं बांधत होती.

“आत्ता तुमच्याकडेच आणत होते, भावोजी. आज जास्तच घरघर करतोय.”

मोजलं. अठ्ठावन्न. मी तिला दुसऱ्यांदा मोजून दाखवलं, बोट वरखाली करून, म्हणजे तिला शंका राहायला नको. तिने शंका काढलीच नाही. टोपडं तसंच अर्धं बांधलेलं, ती माझ्याबरोबर उतारावरून निघाली. रिक्षात ती मला एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या पोराला आमच्या मुलीच्या पलीकडची खाट मिळाली. ते तिसऱ्या दिवशी खाटेचे गज धरून उभं राहायला लागलं. आमची मात्र तशीच निपचित. चाळीत आलेली ती सिस्टर एक दिवस येऊन गेली. मला वाटलं आता ती म्हणणार, सांगितलं होतं ना. तिने नुसतं मुलीचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, “बाकीच्यांचं तुम्ही मोजलंत म्हणे?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “उद्याही मोजा.” मी मोजत होतोच. कामावरून सुटलो की आधी चाळ, मग इस्पितळ.

चौथ्या दिवशी सकाळी मी पाळी बुडवून गेलो. ऊन खाटेवर आलं होतं. नळी काढली होती. बायको भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलकी घेत होती, माझ्या पावलांनी जागी झाली. मुलगी झोपली होती. तिच्या बरगड्यांखाली मी पाहिलं, खळगा दिसत नव्हता. मला तरी दिसत नव्हता.

“मोजा ना,” बायको म्हणाली.

मी घड्याळ काढलं आणि तिच्या हातात दिलं. काटा कुठून सुरू होतो ते बोटाने दाखवलं.

“मला ती बरी झालेली हवी आहे,” मी म्हणालो. “माझा आकडा धरू नकोस. तू मोज.”

तिने झबलं वर केलं, पोटावर तळहात ठेवला आणि ओठ हलवत मोजायला लागली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. ते एक मिनिट कारखान्यातल्या अख्ख्या पाळीएवढं होतं. मागून तिचा आवाज आला.

“चौतीस.”

आणि मग, मी वळलो नाही असं बघून, “अहो, चौतीस. एकही सोडला नाही.”